एकशे ब्याण्णव नंबरचा चोर

मासिकासोबत फुकट आलेली सीडी माणसानं लगेच कॉम्प्युटरमध्ये घालू नये. आधी जेवावं, मग बायकोला विचारावं. त्या रविवारी मी यातलं एकही केलं नाही.

मी केदारनाथ, तलवाड्याच्या शाळेत क्लार्क. २००४ साली आमच्या घरात दोन कॉम्प्युटर होते, आणि ही गोष्ट मी कुणी वेळ विचारली तरी सांगत असे. खालच्या खोलीतला माझा, प्रिंटरसकट. माडीवरचा शिवगंगाचा, म्हणजे आमच्या मंडळींचा. ती लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायची, तो ट्रेसिंग पेपरवर काढायची आणि मग पेपर गेवराईच्या प्रेसवर छापायला जायचा. (माझ्या कॉम्प्युटरवर मी पत्ते खेळायचो. तरी शाळेत मला 'टेक्निकल माणूस' म्हणत.)

सीडीतलं सॉफ्टवेअर राखणदारीचं होतं. पाच मिनिटांत 'टिंग' वाजलं आणि पडद्यावर लाल चौकट आली. डिक्शनरी घेऊन मी अर्थ लावला. '१९२.१६८.०.२ हा कॉम्प्युटर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरू पाहतो आहे. येऊ द्यायचं की अडवायचं?'

मी अडवलं. छाती दोन इंच फुगली.

तेवढ्यात माडीवरून शिवगंगानं विचारलं, "अहो, कागद आला का?"

आमच्याकडं कागद म्हणजे पत्र. मी म्हणालो, "रविवारी कुठला कागद? पोस्ट बंद हाय."

"थांबा, परत पाठवते."

टिंग. पुन्हा तोच चोर. पुन्हा अडवला.

"आता आला का?"

"न्हाई म्हणलं ना. आणि आता बोलू नको, इथं चोर आलाय."

"कुठं?"

"कॉम्प्युटरमधी."

"मंग असू द्या," ती म्हणाली.

दुपारपर्यंत चोर एकेचाळीस वेळा येऊन गेला. मी जेवायलासुद्धा उठलो नाही. टेलिफोन डिरेक्टरीत १९२ पासून सुरू होणारा नंबर शोधला, सापडला नाही. शेवटी समोरच्या आश्रुबाकाकांना बोलावलं. ते टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा लावून नंबर दोनदा वाचला.

"ह्यो बीडचा नंबर न्हाई," ते म्हणाले. "एवढी टिंबं म्हणजे परदेश."

परदेशातल्या माणसाला तलवाड्याच्या शाळेची हजेरी कशाला पाहिजे असेल?

"कावून भेता, केदारनाथ? चोर आला म्हणजे वायरीतूनच आला. वायरीमागं जाऊ." काकांनी कोपऱ्यातली काठी घेतली.

कॉम्प्युटरच्या मागून खरंच एक निळी वायर निघाली होती. ती कपाटामागून खिडकीत गेली, खिडकीतून अंगणात. (त्या वायरीवर मी आठवडाभर बनियन वाळत घालत होतो.) तिथून ती भिंतीवर चढली. आम्हीही जिना चढलो, काका पुढं, मी त्यांच्या मागं. वायर एका दारात शिरली. काकांनी काठी उगारून दार ढकललं.

आत शिवगंगा बसली होती. तिनं एक बटण दाबलं, आणि खाली माझ्या खोलीत टिंग वाजलं.

काकांनी काठीच्या टोकानं वायर हलवून पाहिली. मग म्हणाले, "वायर हितंच संपती. दुसरं कुणी दिसत न्हाई."

"काठी घेऊन कावून आलात?" शिवगंगानं विचारलं.

मी सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, त्यानं मला जास्तच भीती वाटली.

"तुमी बीडला ट्रेनिंगला गेलता, तवा माझ्या भावानं ही वायर जोडली. हितून पाठवलं की खालच्या प्रिंटरवर निघतं. मी तुमाला सांगितलं होतं. तुमी पेपर वाचत हूं म्हणलात."

उमापूरच्या राधाकिशनरावांच्या लेकीची, राजनंदिनीची, पत्रिका होती. लग्न नऊ दिवसांवर आलेलं, आणि गेवराईचा प्रेसवाला पाचपर्यंतच थांबणार होता. साडेतीन वाजले होते. खाली येऊन तिनं माझं राखणदार सॉफ्टवेअर काढून टाकलं. त्याबरोबर सकाळपासून अडलेले सगळे कागद प्रिंटरमधून एकामागून एक निघू लागले. घरातला ट्रेसिंग पेपर संपला तेव्हा राजनंदिनीचं लग्न बत्तीस वेळा लागलं होतं.

एवढ्यात राधाकिशनराव स्वतः जीप घेऊन आले. पांढरे कपडे, मागं दोन माणसं. या घरी पहिल्यांदाच येत होते.

"ताई, सकाळी देणार होतात. एवढा उशीर?"

"कॉम्प्युटरमधी व्हायरस आल्ता."

"मंग, गेले का?"

"न्हाई," शिवगंगा माझ्याकडं बघत म्हणाली, "हे काय, खुर्चीत बसलेत."

राधाकिशनरावांनी लगेच मला हात जोडले. "नमस्कार, सायेब. लांबून आलेले दिसताय. आता आमच्या राजनंदिनीच्या लग्नाला आल्याबिगर जायचं न्हाई." आणि ते पेपर घेऊन गेलेसुद्धा. शिवगंगानं त्यांना थांबवलं नाही.

पत्रिका वेळेत छापल्या. लग्नाला आम्ही दोघं गेलो, मी अगदी मागच्या रांगेत बसलो. अक्षता पडण्याआधी माईकवरून पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. आमदार झाले, सभापती झाले. मग आवाज आला, "वेळात वेळ काढून आपल्या कार्याला आलेले माननीय व्हायरससाहेब यांनी टोपी-टॉवेल स्वीकारण्यासाठी स्टेजवर यावं."

मांडवातली माणसं मागं वळून बघू लागली. तीनदा पुकारा झाला, तरी कुणी उठेना. शेवटी शिवगंगानं मला कोपरानं ढोसलं आणि मी गेलो.