इथं चारा बरा

सिदूआण्णांच्या वहीत वाईपासून समुद्रापर्यंतचा सगळा प्रवास लिहिलेला आहे. कुठे थांबायचं, कुठे स्वयंपाक करायचा, कुठे झोपायचं, सगळं. प्रत्येक मुक्कामापुढे शेरा आहे. 'इथं चारा बरा.' 'पाणी जवळ, मालक भला.' 'कुत्री वंगाळ.' एका ठिकाणी तर 'ओली जागा, खुरांना वाईट' असंही लिहिलंय. प्रवास बसने करायचा आहे. बस डिझेलवर चालते, चारा खात नाही, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं.

"आवं गुरुजी, समजा बंद पडली तर?"

"तर चारा घालणार?"

त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "चारा हाय तितं मानूस असतोय. मानूस हाय तितं मदत हाय. तुमी शाळंत काय शिकवलं हो एवढी वर्सं?"

सिदूआण्णा माझे शेजारी. मूळचे आटपाडीकडचे, मेंढपाळांच्या घरातले. शिरवळच्या एका कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात काढली, निवृत्त झाले आणि शाळेची एक मोडीत निघालेली पिवळी बस घेऊन आले. बाकडी काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि पडदा लावलेली मोरी बसवली. हल्ली लोक अशा घरगाडीतून डोंगर, जंगल, समुद्र बघत हिंडतात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. ते लोक निघतात, सिदूआण्णा निघत नाहीत, एवढाच फरक. दोन वर्षं ती बस आमच्या गल्लीत उभी होती आणि गल्लीतली मांजरं तिच्याखाली संसार थाटून बसली होती.

न निघण्याचं कारण 'समजा'. समजा पसरणीच्या घाटात ब्रेक लागला नाही. समजा महाबळेश्वरच्या जंगलात धुकं उतरलं. समजा आंबेनळीत दरड आली. समजा समुद्रावर वाळूत चाक रुतलं. प्रत्येक 'समजा'साठी त्यांनी एकेक वस्तू घेतली होती. दोन जॅक, तीन दोरखंड, फावडं, विजेऱ्या आणि एक शिट्टी.

"शिट्टी कशाला?"

"समजा हाक मारायची येळ आली आन् आवाज बसला तर?"

हे सगळं ते इतक्या काळजीने सांगत, की मंडईपलीकडे न जाणारा मी रोज सकाळी स्कूटरचे ब्रेक तपासायला लागलो. बायको म्हणाली, शेजार बदलायला हवा.

वहीतले शेरे मात्र त्यांचे नव्हते. ते त्यांच्या आईचे, बानाबाईंचे. गुडघे थकेपर्यंत ती बाई दर साली मेंढरांमागे चालत कोकणात उतरायची. ती सांगायची आणि आण्णा लिहून घ्यायचे. पण गेल्या वर्षापासून तिच्या सांगण्यातली गावं गळायला लागली. काल ओढा डावीकडे होता, आज उजवीकडे. आण्णा खोडायचे, पुन्हा लिहायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा. ही वाट तिच्या डोक्यातून पुसली जायच्या आत त्यांना तिला एकदा तिथून न्यायचं होतं, आणि धीर तर होत नव्हता.

"पण तुम्हालाही वाट ठाऊक असेलच की," मी म्हणालो.

"मी कवा गेलो, गुरुजी? सा वर्साचा असताना मला वसतिगृहात घातला. पोरानं शिकावं म्हनून. दिवाळी सरली की आमची मानसं कोकनात जायची आन् मी शाळंत." हे त्यांनी हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

यंदा दिवाळी सरली आणि एका सकाळी बानाबाई नवं लुगडं नेसून, गाठोडं घेऊन बसमध्ये जाऊन बसल्या. आण्णा बसभोवती फिरत होते. टायरला लाथ मारून बघत, वाकून बघत, पुन्हा फिरत. मी दारात उभा होतो. शेवटी ते हात पुसत आईपाशी गेले.

"आये, मागचा टायर काय बरा वाटंना. यंदा ऱ्हाऊ दे. पुढच्या वर्सी नक्की जाऊ."

म्हातारीने गाठोडं मांडीवर ओढून घेतलं.

"पुढच्या वर्सी तुला नेते, असं मी बी तुला दर साली सांगायची," ती म्हणाली. "खोटं बोलायची रं. तू शाळंच्या फाटकाला धरून रडायचास. मागं वळून बघितलं असतं तर पाय निघाला नसता, म्हनून बघत न्हवते. आता तू मला फसवू नगं. माज्याकडं पुढची वर्सं न्हाईत."

 आण्णा चालकाच्या जागेवर जाऊन बसले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसतेच समोर बघत राहिले. बानाबाई पलंगावरून उठल्या आणि धरत धरत पुढे आल्या.

"मागंच नीज की आये. तुज्यासाटीच केलाय पलंग."

"न्हाई. मी हितंच बसनार." त्या मुलाच्या शेजारी टेकल्या. "तू कुटं बघितलीयास वाट? मीच न्यायला पायजे तुला."

बस सुरू झाली. साठी उलटलेला तो माणूस बाहीने डोळे पुसत गिअर टाकत होता आणि आई समोर बोट दाखवून सांगत होती, "सावकाश चल, बाळा. आदी नदी लागंल."