भाऊजींची भूकंपाची खोली

आमचे भाऊजी कुणाच्याही घरी गेले की नमस्कार करण्याआधी छताकडं बघतात. एकदा मयतीला गेलो. घरचे रडताहेत आणि हे वर बघून मला कोपरानं ढोसताहेत, "वसंता, तो गर्डर भिंतीवर नुसता ठेवलाय रे. जोडच नाही!" लोकांना वाटलं, वर गेलेल्याला शोधताहेत.

भाऊजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. लोखंडी सांगाड्याच्या इमारती भूकंपात कशा उभ्या राहतील, हे बघण्यात त्यांची मुंबईतली सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन डोणगावला परतले तेव्हा बीटी कापूस नवा नवा आला होता. माझं बियाण्याचं दुकान आहे. म्हणजे पाकिटावर छापलेलं मी गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवतो. कापूस वाढला म्हणून एका व्यापाऱ्यानं सरकी काढायच्या जिनिंगची शेड काढली आणि भाऊजी तिथं न बोलावता सल्लागार झाले.

वेल्डर सलीमभाईला त्यांनी फर्मावलं, खांबाच्या जोडापासून जरा अलीकडं गर्डर दोन्ही बाजूंनी गोलसर काप. कंबर बारीक झाली पाहिजे.

"साहेब, चांगल्या गर्डरले काऊन कापून राह्यले? मालक मले उभा कापीन!"

"अरे, जमीन हलली की सांगाडा कुठंतरी वाकणारच. कुठं वाकायचं ते आपण ठरवायचं. जोड तुटला तर सगळंच खाली."

मालकानं हात जोडले. "साहेब, कापसाचा भाव पडला, त्याले कुठून कापू ते सांगा. भूकंपाले पाडायले काही उरू तं द्या!" शेड अर्धीच राहिली.

त्याच साली आक्काला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, नाहीतर बोलणं कायमचं जाईल. पण गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारी आमची आक्का भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. सगळ्यांनी गोड बोलून पाहिलं. मी तर माझे विनोद सांगितले. तिनं डोळेही मिटून घेतले.

भाऊजींनी वेगळंच काढलं. "भूकंप झाला तर आपण पळू. ही कशी पळणार?" म्हणत त्यांनी आक्काच्या पलंगाभोवती चार लोखंडी खांब उभे केले. वर गर्डर, प्रत्येकाची कंबर कापलेली. सलीमभाईला या वेळी कुणाची भीती नव्हती. सांगाडा झाला, रंग तेवढा राहिला. भाऊजींनी पोपटी आणला आणि नमुना म्हणून आक्काच्या पायाकडच्या खांबाला लावला.

आक्काला घर कसं लख्ख लागतं. ती त्या खांबाकडं बघत राहिली. ओठ हलले. "ना... ही."

आजारपणातला तो पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी त्याच खांबावर पिवळा चढला. मग गुलाबी. सलीमभाई माझ्या दुकानात आला. "वसंताभाऊ, साहेबाले लोखंडातलं लय समजते, पण रंगातलं काईच समजत नाही. तुमी तरी सांगा."

मी त्याच्यासोबत गेलो, तर भाऊजी ओसरीवर जांभळ्या रंगाचा डबा उघडत होते.

"भाऊजी, आक्काले पांढरा आवडते. इतक्या वर्षांत तुमाले माहीत नाही?"

"लग्नाच्या आधीपासून माहीत आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "पोपटीला नुसतं नाही म्हणाली. काल गुलाबीला म्हणाली, डोळे फुटले का!" गळ्यात कुणी हार घातल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

ते आत गेले, खांबावर जांभळा पट्टा ओढला आणि लगबगीनं बाहेर आले. मागोमाग आतून आवाज आला, अडखळता, पण ओसरी ओलांडून अंगणात जाणारा:

"सलीमभाई... ह्यायले... डबा... देऊ नका!"

भाऊजी पायरीवर बसले. "अख्खं वाक्य," एवढंच म्हणाले आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले. जांभळा रंग पार कानापर्यंत गेला. मग गडबडीनं उठून ते आक्काकडं निघाले.

सलीमभाई त्यांना तोंडावरच्या रंगाचं सांगायला पुढं झाला. मी त्याचा हात धरला.

"राहू दे," म्हटलं. "आक्काले दिसू दे."