सासरेबुवांच्या पसंतीचा अँप्लिफायर

गाणी ऐकायला एक नवा अँप्लिफायर घ्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. तोही साधा, हलका, कपाटात मावणारा. पण दुकानदाराने मला आतल्या खोलीत सोफ्यावर बसवलं आणि जुन्या पद्धतीचं, काचेच्या नळ्यांचं एक धूड लावून दाखवलं. नळ्या हळूहळू केशरी झाल्या, एका बाईचा आवाज खोलीत भरला आणि माझे डोळे पाणावले. (बढती हुकली तेव्हाही मी रडलो नव्हतो.) ते धूड घरात आणायला दोन माणसं लागली.

चिझुरूने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"अहो, हा हीटर आहे का?"

"अँप्लिफायर आहे."

"मग तापतो कशाला इतका?"

याचं उत्तर मला दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

खरी पंचाईत संध्याकाळी कळली. नागोयातल्या आमच्या जुन्या फ्लॅटला वीज बेताचीच. अँप्लिफायर, टेबलाखालचा हीटर आणि भाताचा कुकर एकदम चालू झाले की दारावरचा मेन स्विच खट्कन पडायचा. म्हणजे संगीत हवं तर भात नाही आणि भात हवा तर संगीत नाही. मी संगीताची बाजू घेतली. चार दिवस गार भात खाल्ल्यावर चिझुरूने निकाल दिला.

"परत करा ते."

"दुकानदार काय म्हणेल?"

"बायको काय म्हणतेय, ते ऐकू येतंय ना त्या यंत्रातून? रविवारी बाबा येतायत. त्यांना पसंत पडलं तर राहू दे. नाहीतर सोमवारी दुकानात."

माझा जीव भांड्यात पडला. सासरेबुवा, तोकुइचीसान, म्हणजे या विषयातले जाणकार. त्यांचं तरुणपण रेकॉर्ड ऐकवणाऱ्या कॉफीच्या दुकानांत गेलेलं. एक कप कॉफी घ्यायची, डोळे मिटायचे आणि ऐकत बसायचं. कुणी चकार शब्द काढला तर मालक सरळ बाहेर काढायचा. तोच नियम मी घरात लावला.

"रेकॉर्ड संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही," मी चिझुरूला बजावलं. "आणि कुकरला हात लावायचा नाही!"

रविवारी सासरेबुवा आले. थंडी मरणाची होती, म्हणून त्यांचे पाय टेबलाखालच्या हीटरपाशी. मी रेकॉर्ड लावली. त्यांनी हाताची घडी घातली, डोळे मिटले आणि एका बोटाने दंडावर ताल धरला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात खट्. रेकॉर्ड रेड्यासारखी रेकून थांबली. नळ्या विझल्या. स्वयंपाकघरातून चिझुरू अपराधी चेहऱ्याने डोकावली. (वडिलांना गार भात वाढायचा तिला धीर झाला नव्हता.)

मी स्विचकडे धावणार, तर सासरेबुवांकडे लक्ष गेलं. डोळे मिटलेलेच. बोट ताल धरतंय. मान डोलतेय.

"अहो, स्विच..." चिझुरू कुजबुजली.

मी ओठांवर बोट ठेवलं. आता स्विच वर केला तर गाणं एकदम सुरू होणार आणि आपण इतका वेळ कशावर डोलत होतो, हे म्हाताऱ्याला कळणार. जावयाच्या घरी सासऱ्याची अशी शोभा? छे! मी गुपचूप बसून राहिलो. चिझुरूही येऊन बसली. खोली गार पडत गेली. कुकरात भात अर्धा कच्चा होता. आम्ही तिघं त्या शांततेचा आस्वाद घेत होतो.

बऱ्याच वेळाने सासरेबुवांनी डोळे उघडले.

"वा, जावईबापू! असावं तर असं यंत्र. खरखर नाही, घरघर नाही. अगदी स्वच्छ!"

मी कमरेत वाकून आभार मानले. "बाबा, त्या बाईंचा आवाज कसा वाटला?"

त्यांनी नुसतं हसून मान हलवली. मग खिशातून कानाचं मशीन काढलं, नीट कानात बसवलं आणि म्हणाले, "हं, आता बोला. इतक्या चांगल्या यंत्रापुढे हे घालून बसणं बरं दिसत नाही, म्हणून सुरुवातीलाच काढून ठेवलं होतं."

तोंडाला लावायला पदर नसल्यामुळे चिझुरू हातच लावून आत पळाली.

दिल्या शब्दाला ती जागली. अँप्लिफायर अजून आमच्या घरात आहे. फक्त तिची एक अट आहे: बाबांनी पसंत केला तसाच तो ऐकायचा. मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर डोळे मिटून बसतो, आणि आत भात छान शिजत असतो.