निवृत्ती शेलारचं राज्य

मी एकाहत्तर साली मारलेल्या टोल्याची विटी अजून खाली आलेली नाही. आमच्या मोरवंडीत याचं कुणाला नवल नाही. वेताळमाळावर उभं राहून दुपारच्या उन्हात कपाळावर आडवा हात धरला, की घारी फिरतात त्याच्या जरा वर ती दिसते, तिळाएवढी. पाहुणे आले की त्यांना दाखवतात. पाहुणे "हां, दिसली" म्हणतात आणि चहाला घरी येतात.

विटीवर माझा राग नाही. ती तिच्या सवडीनं येईल. माझं डोकं फिरवलं ते कागदानं.

गेल्या वैशाखात जिल्ह्याहून एक कागद आला. मला वाचता येत नाही, पण एकदा ऐकलेलं मी विसरत नाही, म्हणून ग्रामसेवक लोंढ्यांनी चावडीत वाचला तसाच सांगते. 'विषय: बेसबॉल व तत्सम टोल्याचे खेळ. प्रत्येक गावाने आपल्या इतिहासातील सर्वांत थरारक असा एक क्षण कळवावा. एकाहून अधिक क्षण आढळल्यास अर्ज नामंजूर.' निवडलेल्या क्षणाची दगडी पाटी वेशीत बसणार होती. बेसबॉल आमच्याकडं कुणी डोळ्यानं पाहिलेला नाही. तत्सम म्हणजे विटीदांडू, एवढं लोंढ्यांनी दोन दिवस लावून शोधून काढलं.

यात सभा भरवण्यासारखं काय होतं? वर बघायचं आणि लिहून द्यायचं. पण सरपंच उत्तम कोकरे यानं सभा भरवली, आणि पहिला तोच उठला.

"आमच्या आजोबांचा क्षण द्यावा, असं माझं नम्र मत आहे," तो म्हणाला.

त्याच्या आजोबांची विटी एकदा विहिरीत पडली होती. ते उडी टाकून ती दातांत धरून वर आले होते.

"विटी विहिरीत पडली म्हणजे टोला वाकडा गेला," मी म्हणाले. "त्यात थरार कसला? त्यांना पोहता येत होतं."

"आत्या, तुम्ही बसून बोला."

"बसूनच बोलतेय. उभी राहिले तर तुला घरी जाता येणार नाही."

लोक हसले. मी हसले नाही. सदूनाना गुरव काठी टेकत उठले आणि म्हणाले, की क्षण अनुसयेचाच, म्हणजे माझाच, यात वाद नाही. पण नेमका कुठला? विटी वर गेली तो, की खाली येईल तो?

झालं. सभेचे दोन तुकडे पडले.

"टोला हाच क्षण. आवाज आठवतोय मला अजून."

"टोला काय, रोज कुणी ना कुणी मारतंच. खरा थरार खाली येण्यात आहे."

"अरे, पण ती आलीच नाही!"

"म्हणूनच थरार."

"मग आली की अर्ज करू."

"मुदत तीस तारखेची आहे," लोंढे म्हणाले.

अडीच तास हे चाललं. जिनं टोला मारला ती तिथंच जाजमावर बसली होती, आणि तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. म्हणून आता मी सांगते.

मी चौदा वर्षांची होते. गुरुवारी माझी हळद होती, आणि सोमवारी वेताळमाळावर वरची आळी विरुद्ध खालची आळी असा डाव लागला होता. नवरी मुलीनं उंबरा ओलांडायचा नाही, असं आईनं बजावलं. मी उंबरा ओलांडला नाही. परसातल्या भिंतीवरून गेले. खालच्या आळीवर राज्य होतं, आणि पुढं उभा होता निवृत्ती शेलार, सोळा वर्षांचा, दात काढून.

"बांगड्या सांभाळ, अनशे," तो म्हणाला. "नवऱ्याला काय फुटक्या दाखवणार?"

मी विटीच्या टोकावर दांडू आपटला, ती उडाली, आणि मी मारली. बांगडी एकही फुटली नाही. विटी वर गेली. निवृत्तीनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि मान वर केली. तेव्हापासून त्याच्यावर राज्य आहे.

राज्य म्हणजे काय, हे गावात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. ज्याच्यावर राज्य आलं त्यानं दुसऱ्याची विटी गोळा करत उन्हात पळायचं. विटी झेलली किंवा ती खाली पडली, की पुढचं ठरतं. दिवस मावळला की डाव थांबतो आणि उजाडलं की तिथूनच पुढं सुरू होतो. हा नियम आमच्याही आधीचा आहे. त्यामुळे निवृत्ती रात्री घरी झोपतो आणि सकाळी माळावर येऊन ओंजळ धरतो. त्याचं लग्न माळावर लागलं. अक्षता त्याच्या ओंजळीत साठल्या तेव्हा त्याच्या बायकोनं, सखूनं, त्या दर मंगलाष्टकाला उपसून काढल्या. न जाणो, विटी यायची आणि अक्षतांवरून घसरायची. पावसात डोक्यावर छत्री नाही, कारण छत्रीवर आलेली विटी झेल म्हणून धरत नाहीत. दुपारची भाकरी सखू भरवायची.

माझंही सोपं नव्हतं. बाद होईपर्यंत दांडू खाली ठेवायचा नाही, म्हणून मी तो घेऊन वरच्या आळीलाच सासरी गेले. सासूनं त्याचं धोपाटणं करायचं ठरवलं. मी दांडू दिला नाही. तीन दिवस मला जेवण मिळालं नाही, मग मिळालं.

सभेत शेवटी हात वर झाले आणि माझा क्षण निघाला, टोल्यापासून खाली येईपर्यंत सगळा मिळून एकच. लोंढ्यांनी अर्ज भरला. अर्ज भरून झाला तेव्हा शेऱ्याची चौकट मोकळी राहिली होती. लोंढ्यांना मोकळी चौकट बघवत नाही. त्यांनी तिथं लिहिलं: 'राज्य: निवृत्ती बाळा शेलार, सन १९७१ पासून अखंड.'

आठव्या दिवशी उलट टपाली पत्र आलं. मौजे मोरवंडी येथे एका इसमाने निवडणुकीविना चोपन्न वर्षे राज्य केल्याचे दिसून येते, तरी ते कोणत्या आदेशान्वये, याचा खुलासा करावा. आणि खाली दुसरी हरकत: क्षण संपल्याचा दाखला जोडलेला नाही, न संपलेला क्षण इतिहासात धरता येत नाही.

पत्रामागोमाग जिल्ह्याहून पिंपळखरे साहेब आले. बारीक अंगाचे, सभ्य गृहस्थ. आल्या आल्या माळावर उभं राहून त्यांनी कपाळावर हात धरला, विटी पाहिली, वहीत नोंद केली. मग निवृत्तीपुढं जाऊन नमस्कार केला.

"आपणच का राज्यकर्ते?"

"राज्य माझ्यावर आहे," निवृत्ती वर बघत म्हणाला.

"तेच विचारतोय. सोडण्याबाबत आपली भूमिका काय?"

"आली की सोडतो."

साहेबांनी सावलीत खुर्ची मागवली आणि तासभर विचार केला. बेसबॉलचा त्यांचा अभ्यास होता. तिथं चेंडू मैदानाबाहेर गेला की गडी सगळी घरं फिरून येतो आणि प्रकरण मिटतं, असं ते म्हणाले. मी म्हणाले, आमच्यात फिरायला घरं नसतात, विटी ठेवायची एकच खाच, गल असते, आणि ती मी उकरलेली आहे.

"मग विटी जमिनीवर पडली असं समजू," ते म्हणाले.

"समजा. मग मला पुढचा टोला द्या. डाव माझा चालूच राहतो."

त्यांनी माझ्या हातातल्या दांडूकडं पाहिलं, मग वर पाहिलं, आणि ते वाक्य वहीतून खोडलं. थोड्या वेळानं त्यांनी दुसरं लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं: 'सदर विटी श्री. शेलार यांनी आज रोजी झेलली असे समजण्यात यावे.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचं भागत होतं. क्षण संपत होता, राज्य संपत होतं, पाटी बसत होती. उत्तम कोकरेनंही टाळी वाजवली.

"आणि मी?" मी विचारलं.

"आजी, तुमचं नाव पाटीवर सगळ्यांत वर."

"झेलली म्हणजे मी बाद."

"केवळ कागदोपत्री."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागदोपत्री! माझं वय कागदोपत्री अठरा लिहून मला बोहल्यावर उभं केलं. माझ्या बापाच्या रानावरचा माझा हक्क कागदोपत्री मीच सोडला, असं मला नंतर कळलं. जे जे माझं संपलं ते कुणीतरी लिहून संपवलं, आणि मला वाचता येत नाही म्हणून शेवटी सांगितलं. हा एक डाव तेवढा चालू आहे. चोपन्न वर्षं मी बाद नाही. गावात अशी दुसरी बाई दाखवा, दुसरा बाप्या दाखवा!

"साहेब," मी म्हणाले, "मला बाद करायचं असेल तर विटी आणा. विटी नसेल तर चहा घ्या आणि जा."

"आत्या, जरा त्या निवृत्तीकाकांकडं बघा," उत्तम म्हणाला. "गुडघे कापतायत त्यांचे. सत्तरी आली. किती उभं करणार त्यांना?"

हे त्यानं नीट नेम धरून मारलं. मी बघितलं. गुडघे कापत होतेच.

"तुमची सही लागणारच नाही, आजी," साहेब हळूच म्हणाले. "झेल घेणाऱ्याचा अंगठा पुरतो."

त्यांनी शाईची डबी उघडली आणि कागद घेऊन ते निवृत्तीपुढं उभे राहिले. मला वाटलं, हा आता देणार. दिला असता तर मी त्याला काय म्हणणार होते? सखू जाऊन दोन वर्षं झालीत. पाठ वाकलीय. मी दांडू घट्ट धरला आणि त्याच्याकडं बघत राहिले.

"अंगठा द्या," साहेब म्हणाले.

"हात मोकळा नाही."

"एकच क्षण लागेल."

"त्याच क्षणाला आली तर?"

साहेबांनी वही उघडली. प्रश्न रास्त होता, आणि ते रास्त प्रश्न वहीत लिहून घेत. लिहून झाल्यावर म्हणाले, "मग दिवस मावळल्यावर द्या. तेव्हा हात मोकळे असतात ना?"

"तेव्हा डाव बंद असतो. बंद डावात झेल कसा लिहून देऊ?"

"शिवाय कचेरी पावणेसहाला सुटते," लोंढे म्हणाले. "मावळायला पावणेसात."

साहेबांनी डबीचं झाकण लावलं. "शेलार, तुमच्या भल्यासाठी विचारतो. कुणी बघत नाही, कुणी विचारणार नाही. झेलली म्हणून टाका. काय बिघडतं?"

निवृत्तीनं मान खाली केली नाही. ओंजळ मात्र जराशी पुढं केली, साहेबांना आत दिसेल अशी.

"बघा," तो म्हणाला. "आहे का?"

साहेबांनी वाकून पाहिलं. ओंजळीत काही नव्हतं. त्यांनी तशी नोंद केली आणि संध्याकाळच्या एसटीनं ते गेले.

वेशीत पाटी बसली ती कोकऱ्यांच्या आजोबांची. दातांत विटी धरलेला माणूस कोरलाय. विटी चिलमीसारखी दिसते. मी तिथून जाते तेव्हा पाटीकडं बघत नाही आणि उत्तमच्या नमस्काराला उत्तर देत नाही. राज्याची फाईल मात्र बंद झाली नाही. दर पहिल्या तारखेला जिल्ह्याहून पत्र येतं, वर लिहिलेलं असतं, 'प्रति, मा. राज्यकर्ते, मोरवंडी,' आणि आत विचारलेलं असतं, की सद्यःस्थिती कळवावी. लोंढे माळावर जातात, वर बघतात, आणि कळवतात.

दुपारची भाकरी हल्ली मी नेते. एका हातात दांडू असतो, म्हणून घास एकाच हातानं मोडावा लागतो आणि वेळ लागतो. काल मी त्याला म्हणाले, "निवऱ्या, गुडघे दुखत असतील तर सांग. रडतराऊत गड्याला सोडायची रीत आहे आपल्यात. एकदा नुसतं 'हरलो' म्हण."

"तू म्हण," तो म्हणाला.

"मी कशाला म्हणू? टोला माझा आहे."

"मग बाजूला सरक," तो म्हणाला. "ऊन अडतंय. मला दिसत नाही."

मला असा संताप आला. मी बाजूला सरकले आणि पुढचा घास त्याच्या तोंडात जरा जोरानंच कोंबला.