शैलाचं रोमिंग बंद

"रोमिंग बंद म्हणजे बंद!" ऑकलंडच्या विमानतळावर रविंद्र बायकोला बजावत होता. बजावत होता बायकोला, पण बघत होता तिच्या मोबाइलकडे. "युरोपात उतरलीस तरी एअरप्लेन मोड काढायचा नाही. फुकटचं वायफाय म्हणजे चोरबाजार. काय निरोप असेल तो विभावरीच्या फोनवरून द्यायचा. तुझा फोन फक्त फोटोंपुरता."

विभावरी म्हणजे शैलाची धाकटी बहीण. ती पुण्याहून येणार, शैला इथून जाणार आणि पॅरिसला भेटून दोघी सहलीच्या बसमध्ये चढणार, असा बेत होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याला घरी ठेवून शैला पहिल्यांदाच एवढ्या लांब निघाली होती.

"अहो, मी नसताना करमेल ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"न करमायला काय झालं? उबेला हीट पंप आहे, टीव्ही आहे. ते सोड, मुद्द्याचं ऐक. 'माझा फोन बिघडलाय, हा नवा नंबर, अर्जंट फोन कर' असा मेसेज आला की समजायचं, भामटा आहे. माझ्या नावानं आला तरी भामटाच! आवाज, व्हिडिओ, सगळं बनवता येतं हल्ली. म्हणून आपण एक गुप्त शब्द ठरवू. तो सांगितला तरच विश्वास ठेवायचा."

माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात रविंद्रचं कामच ते होतं. ऑनलाइन भामट्यांपासून कसं सावध राहावं, हे तो लोकांना शिकवत असे आणि लोक जांभया आवरत ते ऐकत असत. शैलानं मात्र जांभई दिली नाही. ती हसली आणि तिनं गुप्त शब्द सांगितला.

"लक्षात राहील?"

"हो, हो," रविंद्र म्हणाला. तो तेव्हा तिच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये खोलवर शिरलेला होता.

सव्वीस वर्षांत शैलानं नवऱ्याचं एकही म्हणणं मुकाट्यानं ऐकलं नव्हतं. हे तेवढं ऐकलं. फोन एअरप्लेन मोडवर गेला तो गेलाच. विभावरीच्या फोनवरून रोज एक निरोप यायचा, 'दाजी, ताई मजेत आहे', की संपलं. ताई मजेत आहे हे वाचून रविंद्रला बरं वाटायला हवं होतं. तसं ते वाटत नव्हतं.

न्यू लिनचं घर एकाएकी फार मोठं झालं. न्यूझीलंडमधली जुलैची थंडी होती. हीट पंप होता, टीव्हीही होता आणि दोन्ही चालू होते. दाराशी शैलाच्या जांडल्स, म्हणजे रबरी चपला, पडल्या होत्या. एरवी त्यांना अडखळला की तो ओरडायचा. आता त्या तिथून हलवाव्यात असं त्याला वाटेना. चहा दोन कप व्हायचा, मग दुसराही तोच प्यायचा. तिच्या नंबरवर फोन लावला की तो बंद असल्याचं एक बाई इंग्रजीत सांगायची. आपणच घालून दिलेला नियम असा नाकात वेसण घालेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी वरणाला फोडणी देताना त्यानं विभावरीनं टाकलेला नवा फोटो उघडला. स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्नच्या तळ्याकाठी शैला उभी होती आणि फोटोच्या बाहेर कुणाकडे तरी बघून खळखळून हसत होती. कुणाकडे? एवढं कोण बोललं तिच्याशी विनोदी? डाव्या हातात फोन, उजव्या हातात डाव. फोटो मोठा करायला तिसरा हात हवा होता. रविंद्रनं करंगळीनं प्रयत्न केला आणि शैलासकट, ल्यूसर्नसकट, फोन वरणात गेला.

चुर्रर्र आवाज झाला. फोन चिमट्यानं बाहेर काढला तेव्हा त्याला मोहरी चिकटली होती.

सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावं, तर याचं सिम म्हणजे हातात धरता येणारी चकतीच नव्हती. सुरक्षिततेसाठी त्यानं मुद्दाम ई-सिम घेतलं होतं. कंपनीला लॅपटॉपवरून कळवलं, तर त्यांनी खातरजमा करण्यासाठी एक कोड पाठवला. कुठे? वरणातल्या फोनवर.

शेवटी कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किरकोळ दुकानातून, त्यानं नवं सिम आणलं, लेकीचा जुना फोन कपाटातून काढला आणि फ्रिजवर शैलानं चिकटवलेला विभावरीचा नंबर बघून मेसेज टाकला: 'माझा फोन बिघडलाय. हा नवा नंबर. शैलाला अर्जंट फोन करायला सांग. रविंद्र.'

मेसेज गेल्यावर त्यानं तो पुन्हा एकदा वाचला आणि मटकन खुर्चीत बसला. ऑफिसात हाच मेसेज तो लोकांना पडद्यावर लाल चौकटीत दाखवत असे.

उत्तर लगेच आलं. 'ए भामट्या, मी शैला. लाज नाही वाटत? तुझ्यासारख्यांना पकडणारा माणूस आहे माझा नवरा. गुप्त शब्द सांग.'

सव्वीस वर्षांत बायको त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती. त्यातल्या त्यात 'माझा नवरा' हे शब्द वाचून त्याला भरून आलं. पण गुप्त शब्द? आठवेना. विमानतळावर आपण काय काय बोललो ते त्याला अक्षरशः पाठ होतं. ती काय बोलली, तेवढंच नेमकं कोरं होतं.

'विसरलो,' असं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं आणि त्याच मिनिटाला तो ब्लॉक झाला. एवढ्यावर थांबेल ती शैला कसली! तिनं बसमधल्या सगळ्यांकडून त्या नंबरची तक्रार करवली. तासाभरात रविंद्रचं मेसेजचं नवंकोरं खातं बंद पडलं.

रविवारी सकाळी त्यानं फ्रिजवरचाच नंबर बघून लेकीला फोन लावला. संघमित्रा ख्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये राहून इंजिनिअरिंग शिकत होती. आईचा इशारा तिच्यापर्यंत पोचला होता.

"संघू, मी बाबा..."

"नाइस ट्राय, मेट," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मग त्यानं मोहरी चिकटलेल्या फोनचा, करपलेल्या पातेल्यासकट, फोटो काढून तिला ईमेल केला. दोन मिनिटांत तिचा फोन आला. हसण्यामुळे तिला बोलता येत नव्हतं.

"बाबा, यू स्कॅम्ड युअरसेल्फ! हा फोटो कुठलाही एआय नाही बनवू शकत. वेट, मावशीला कॉलवर घेते."

तिकडे ल्यूसर्नच्या हॉटेलात अजून शनिवारची रात्र होती, जेवणं नुकतीच उरकली होती. विभावरीनं फोन उचलला आणि पुढच्याच क्षणी शैलाचा आवाज आला. किती दिवसांनी!

"आई, धिस इज रिअली बाबा. आय चेक्ड," संघमित्रा म्हणाली.

"तू गप्प बस, संघू. आवाज बनवता येतो, तुझ्या बाबांनीच सांगितलंय. नियम म्हणजे नियम. हं, सांग रे, शब्द काय?"

"जय भीम?" रविंद्रनं चाचरत विचारलं.

"ते आपल्यात सगळेच म्हणतात."

"पासपोर्ट?"

"चूक."

"पावभाजी?"

"भूक लागलीये वाटतं भामट्याला."

मागे विभावरी खिदळत होती. रविंद्रचा संयम सुटला. "शैला, पुरे आता! नाही आठवत मला. तू सांगत होतीस तेव्हा मी तुझा फोन चिवडत बसलो होतो. चुकलंच माझं. इथे थंडीनं जीव चाललाय. वरण करपलं, फोन गेला, तुझ्या जांडल्स दाराशी तशाच आहेत, रोज दोन कप चहा होतोय. शब्द गेला चुलीत! मला करमत नाही तुझ्यावाचून. अजिबात करमत नाही!"

पलीकडे विभावरीचं खिदळणं थांबलं. आणि मग फोन कट झाला.

"ओह, बाबा," संघमित्रा हळूच म्हणाली आणि तिनंही फोन ठेवला.

रविंद्र ओट्यापाशी उभा राहिला. सगळं सांगून झालं होतं, याहून जास्त काही त्याच्यापाशी नव्हतं. तेवढ्यात हातातला फोन वाजला. लेकीच्या जुन्या फोनमध्ये नाव उमटायचा प्रश्नच नव्हता. पण हा एक नंबर त्याला तोंडपाठ होता.

"अहो," शैला म्हणाली, "बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"शब्द. 'करमत नाही.' तोच तर ठरवला होता. म्हटलं, दुसरा कुणी तुमचं सोंग घेऊन आला तरी हे काही त्याला सुचणार नाही."

रविंद्रला हसावं की रडावं कळेना. त्यानं दोन्ही थोडं थोडं केलं.

"तू... तुझ्या फोनवरून बोलतेयस?"

"रोमिंग चालू केलंय. ओरडायचं असेल तर ओरडा."

तो ओरडला नाही. दाराशी पडलेल्या जांडल्सकडे बघत तो नुसता तिचा श्वास ऐकत राहिला. पण सुरक्षिततेचं खूळ असं सहजासहजी जात नाही.

"शैला, समजा हां... एखादा खराच भामटा म्हणाला असता, करमत नाही, तर?"

शैलानं थोडा विचार केला.

"तर बोलले असते त्याच्याशी घटकाभर," ती म्हणाली.