समुद्रफेसवाले सेतुराव

चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका माणसाला मी जिन्यात, तीन उघड्या दारांसमोर, चोर म्हणालो. चोरीचा माल म्हणजे अंगठ्याएवढा एक आरसा, खाली घुंगरू लावलेला. माझ्या पिंजऱ्यातला.

हे आधीच कबूल करतो. नाहीतर सेतुरावांच्या गमती सांगून तुम्हांला हसवीन आणि त्या हसण्यात माझं वागणं खपवून टाकीन.

गमती होत्याच. चेन्नईच्या वेलचेरीतल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर एकटे राहत. घराणं तंजावरचं, मराठी कित्येक पिढ्यांपूर्वीची, तिला तमिळ हेल. उभी हयात रेल्वेचे डबे तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला डबे उरले नाहीत, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांचे पिंजरे धरले. त्या वर्षांत आयटीवाल्यांच्या नव्या इमारतींत लव्हबर्ड्सचं वेड होतं. आमच्याकडेच सात घरांत होते. सेतुरावांच्या घरी मात्र एकही नाही.

दर मंगळवारी सकाळी बेल वाजे.

"कां सार, पाखरू जेवलं की?"

माणसांची चौकशी नाहीच. चपला काढून ते थेट बाल्कनीत. चष्मा कपाळावर, बोट दांडीवर. रेल्वेत बिघडलेल्या डब्याला 'सिक' म्हणतात, तोच शब्द इथे चाले. "दांडी सिक आहे, सार. एकसारखी गुळगुळीत. पाय दुखतात पाखराचे." मग पिशवीतून पेरूची वेडीवाकडी फांदी निघे. पाण्याची वाटी दांडीखाली ठेवली असली तर, "अय्यय्यो! संडासाखाली स्वयंपाकघर कोण बांधतो?" सगळं मनासारखं असलं तर खडूनं पिंजऱ्याच्या ट्रेवर एक बरोबरची खूण करायचे आणि सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातची कॉफी प्यायचे. आमच्या ट्रेवर ती खूण दोनदाच उमटली.

पण त्यांचा जीव खरा समुद्रफेसात. माकूळ नावाच्या सागरी जिवाच्या पाठीतलं ते पांढरं, हलकं हाड. पक्ष्यानं चोचीनं कुरतडलं की चुना पोटात जातो, चोचही झिजते. दुकानात मिळायचं, पण दुकानातलं यांना चालत नसे. पहाटे बेसंट नगरच्या किनाऱ्यावर जाऊन ते स्वतः वेचत. घरात कांदासुद्धा न आणणारा हा माणूस ते गच्चीवर बादलीत आठवडाभर भिजवी, रोज पाणी बदली, उकळी, वाळवी. वास असा सुटे की चौथ्या मजल्यावरच्या आमच्या शेजारीण मामी खिडकीतून ओरडत, "सार, मासळीबाजार उघडलात का?"

"मासळी म्हणू नका, मामी. समुद्राचा फेस आहे. फेसानं कोण बाटतं?"

मग कानशीनं कडा घासून, दोन भोकं पाडून, तारेनं स्वतः बांधणार. मऊ बाजू पक्ष्याकडे. मी एकदा उलटी बांधली होती. त्यावर त्यांनी मला दहा मिनिटं ऐकवलं. शेजारी निळू, आमचा पक्षी, मान वाकडी करून ऐकत होता.

निळू मूळचा आमच्या मुलीचा. ती पुण्याला शिकायला गेली आणि पाठोपाठ निळूची जोडीदारीण मेली. तो गप्प झाला. दुसरा पक्षी आणा, असं सेतुराव म्हणाले. मला पसारा वाढवायचा नव्हता. मी आरसा आणला. निळू दिवसभर त्याच्याशी बोलू लागला आणि मी मोकळा झालो.

"आरसा नक्को, सार," सेतुराव प्रत्येक मंगळवारी सांगत. "एकटं पाखरू फसतं."

मी हसून 'बघू' म्हणायचो. एका मंगळवारी ते गेल्यावर पिंजऱ्यात आरसा नव्हता. निळू पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेला. त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला, "बाबा, निळूचा आवाज ऐकव ना." निळूनं चोच उघडली नाही. मी तिला खोटं सांगितलं, झोपलाय म्हणून. फोन ठेवला आणि तिरीमिरीत बाहेर पडलो. सेतुराव बादलीतलं पाणी बदलायला गच्चीवर चढत होते.

"आरसा कुठाय?"

त्यांनी खिशात हात घातला. "मीच काढलों, सार. सांगटलों, तुम्ही ऐकलां नाही."

"म्हणजे चोरलात! त्यासाठी घरात येता होय?"

मामींचं दार उघडलं, मग समोरचं, मग वरचं. आपलाही आरसा असाच गेल्याचं एकेकाला आठवू लागलं. सेतुरावांनी आरसा अंगवस्त्राला पुसला, माझ्या हातावर ठेवला आणि जिना उतरून गेले. मी तो पुन्हा पिंजऱ्यात टांगला.

त्यानंतर मंगळवारची बेल वाजली नाही. कुणाच्याच घरी. पण समुद्रफेस येत राहिला. वर्तमानपत्रात गुंडाळून, भोकं पाडून, तार ओवून, दाराच्या जाळीला अडकवलेला. मी पुड्या चपलांच्या कपाटावर टाकत गेलो. चार जमल्या.

महिन्याभरानं सुनंदानं मला बाल्कनीत बोलावलं. "बघा." निळू दाणे खात होता, पोटातून पुन्हा चोचीत आणत होता आणि आरशाला भरवत होता. काच दाण्यांनी माखली होती. सुनंदानं त्याला मुठीत घेतलं. "ह्याच्या छातीचं हाड लागतंय हाताला. दुसऱ्याला भरवून भरवून उपाशी राहिलाय हा."

मी आरसा काढला आणि तळमजल्यावर गेलो.

सेतुरावांनी दार उघडलं, बसा म्हणाले. टेबलावर बिस्किटांचा डबा होता. त्यात इमारतीतले आरसे, प्रत्येक कागदात गुंडाळलेला, वर घराचा नंबर. "पाखराला जोडी आली की परत द्यायचे," ते म्हणाले.

"तुम्हांला कसं कळलं, तो आरशाला भरवील म्हणून?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीशी एक जुनं लाकडी कपाट होतं. दारावर आरशाची चौकट होती, पण आत काच नव्हती.

"बायको गेल्यावर एक वर्ष मी ह्यापुढं बसून जेवलों, सार. बरं वाटायचं. मी घास घेतला की तोही घेतो. पण आरसा 'आणखी वाढू का' विचारत नाही. मग मी काच काढून टाकलों."

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना जिन्यात घेऊन आलो. त्याच पायरीवर. मामींची बेल वाजवली, समोरची वाजवली, वरच्यांना हाक मारली. माझं तमिळ मोडकं. "एन् तप्पु," मी म्हणालो. चूक माझी. "मी यांना इथे चोर म्हणालो. यांनी काही चोरलं नाही. माझा पक्षी माझ्यामुळे उपाशी राहिला, यांच्यामुळे नाही. सेतुराव, मला माफ करा."

"सरि, सरि," सेतुराव 'असू दे' अशा सुरात पुटपुटले. त्यांची मान खाली होती. "पाखरू जेवलं की?"

"उद्या जोडी आणू. निवडायला तुम्ही चला. आत्ता वर या."

सुनंदानं ताट वाढलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले; सवय असावी. मी पाट उचलून समोर जाऊन बसलो. त्यांचा सांबारभात संपत आला तेव्हा मी भांडं हातात घेतलं.

"सेतुराव," मी म्हणालो, "आणखी वाढू का?"