सगळ्यात हळू प्रिंटर

प्रिंटर कसा निवडावा, हे तात्याराव गायकवाडांना कुणी शिकवायची गरज नव्हती! पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कागदांत काढलेला माणूस तो. लेझर घ्यावा की इंकजेट, यावर त्यांनी आठवडाभर अभ्यास केला, दोन रकाने आखून फायदे-तोटे मांडले, खाली लाल रेघ मारली आणि मुलाला फोनवर ठणकावून सांगितलं, "रोहन, तू यात पडू नकोस. या विषयातलं मला कळतं."

आता तुम्ही म्हणाल, पेन्शनीत निघालेल्या एकट्या माणसाला छापायचं तरी काय होतं? काहीच नव्हतं हो! गेल्या वर्षी सुंदराबाई गेल्या आणि विश्रांतवाडीचं ते दोन खोल्यांचं घर तात्यारावांना खायला उठलं. रोहन, सून कल्याणी आणि नात पूर्वा राहायला बाणेरला. माणसं वाईट नव्हती, रोज न चुकता फोन करायची. पण "जेवलात का?" "जेवलो" एवढं झालं की दोन्हीकडचं बोलणं संपायचं. पूर्वाचं इंजिनिअरिंग कॉलेज तर तात्यारावांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, तरी पोरगी महिना महिना फिरकायची नाही. कधीही विचारा, तिचं आपलं सबमिशन! एकदा ती झेरॉक्सच्या दुकानातून फोनवर तिथल्या रांगेच्या नावानं बोटं मोडत होती, आणि तात्यारावांच्या डोक्यात उजेड पडला. प्रिंटर आपल्याच घरी असला तर?

आठवडाभराचा अभ्यास आटोपून ते बुधवार पेठेत प्रिंटरच्या दुकानात हजर.

"लेझर न्या," दुकानदार मान वर न करता म्हणाला. "मिनिटाला पंचवीस पानं. बटण दाबलं, विषय संपला."

"संपला?" तात्याराव दचकले. "म्हणजे पोरगी आली, बटण दाबलं, पानं उचलली आणि गेली?"

"हो. त्यासाठीच घेतात लोक."

"आणि हा इंकजेट?"

"रंगीत छान येतं. पण वेळ लावतो. वीस पानं निघेपर्यंत चहा होईल."

"नक्की होईल?"

"चहा काय, पोहे होतील!"

"याहून हळू आहे का एखादा?"

आता मात्र दुकानदारानं मान वर केली, चष्माही कपाळावर चढवला. "काका, वीस वर्षं या खुर्चीत बसतोय. हळू प्रिंटर मागणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही! आहे एक. चार जणांनी नेला, पाच जणांनी परत आणला."

"तोच बांधा!"

आजोबांकडे प्रिंटर आलाय हे कळताच, शुक्रवारच्या सबमिशनसाठी पहिल्याच गुरुवारी पूर्वा आली ती पाठीवरची सॅकही न काढता. "आजोबा, पटकन दहा पानं हवीयेत. लगेच पळायचंय." प्रिंटरनं पहिल्यांदा घसा खाकरला. मग आतल्या आत काहीतरी इकडून तिकडे ओढलं, आणि थोडा विचार करून अर्ध्या मिनिटानं पानाची एक कड बाहेर काढली. चौथ्या पानाला पूर्वानं सॅक उतरवली. सहाव्या पानाला ती खाली बसली. दहावं पान निघालं तेव्हा पोह्यांची दुसरी बशी चालू होती आणि पोरगी सांगत होती, की तिला कोडिंगची भीती वाटते, पण घरी बोलायची सोय नाही, कारण पप्पांचा जन्मच त्यात गेलाय. तात्याराव नुसते ऐकत होते. वर्षभरात त्या घरात कुणी एवढा वेळ बोललं नव्हतं.

तिथून पुढे त्यांना हाव सुटली. समोरच्या माणसाला खुर्चीत कसं बसवून ठेवायचं, हे शास्त्र सरकारी कचेरीत काय थोडं पाहायला मिळतं? स्वतः तात्यारावांनी कुणाचा कागद एक दिवसही अडवला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरची कला चौतीस वर्षं डोळ्यांखालून गेली होती! ट्रेमध्ये ते पाचच कागद ठेवू लागले, म्हणजे सहाव्याला गाडी थांबायचीच. मग एका दुपारी त्यांनी चष्मा लावून प्रिंटरचं पुस्तक वाचून काढलं, आणि त्यात त्यांना दोन रत्नं सापडली. एक, 'सर्वोत्तम दर्जा'. यात एका पानाला अडीच मिनिटं लागायची. दुसरं, 'शांत मोड'. यात तेच पान चार मिनिटांवर जायचं. तात्यारावांनी दोन्ही लावले.

पाच गुरुवार असे सोन्यासारखे गेले. पोह्यांवरून मामला भरल्या वांग्यांपर्यंत पोचला. पूर्वाच्या सगळ्या मैत्रिणींची नावं त्यांना पाठ झाली. सुंदराबाईंची एक जुनी साडीही तिनं कपाटातून काढून नेली, कार्यक्रमाला नेसायला म्हणून. जाताना ती दारातून "जयभीम आजोबा!" असं ओरडायची, आणि तात्याराव गॅलरीत उभे राहून ती रस्ता ओलांडेपर्यंत पाहत राहायचे. सुखी होते हो ते.

सहाव्या आठवड्यात ती मंगळवारीच आली, तीही धापा टाकत.

"आजोबा, प्रोजेक्ट रिपोर्ट! चौसष्ट पानं आहेत. बारा वाजता द्यायचाय. बाराच्या पुढं सर हातसुद्धा लावत नाहीत."

घड्याळात साडेनऊ झाले होते. तात्यारावांनी मनात हिशेब केला. पानाला चार मिनिटं, म्हणजे चार तासांच्या वर! पण आता सेटिंग बदलायला जावं तर पोरीसमोर बिंग फुटणार! निघतील, होतील, असं म्हणत ते कांदा चिरायला गेले.

दहा वाजता सात पानं झाली. साडेदहाला चौदा.

"आजोबा, हा असा का करतोय?"

"जरा तापला की लागेल वेगाला," तात्याराव स्वयंपाकघरातूनच म्हणाले. बाहेर यायचा त्यांना धीर होईना.

अकरा वाजता, बाविसाव्या पानावर, प्रिंटरनं लाल दिवा लावला. निळी शाई संपली होती. सर्वोत्तम दर्जानं ती पाच आठवडे घटाघटा प्यायली होती.

"अगं," तात्याराव आतून ओरडले, "पण पुढची पानं काळीच आहेत ना! काळी काढ म्हणावं!"

"नाही काढत तो! निळी घाला म्हणतोय!" पूर्वा रडकुंडीला आली होती. तिनं भराभरा बटणं दाबली, आणि एकदम थांबली. "आजोबा, हे 'सर्वोत्तम' कुणी लावलं? आणि वर 'शांत'सुद्धा?"

हातात सुरी घेऊन तात्याराव दारात उभे होते. खरं सांगायची हीच वेळ होती.

"आपोआप लागत असेल," ते म्हणाले.

पूर्वा पेनड्राइव्ह ओढून धावत सुटली. त्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे सबंध कॉलेज उभं होतं. ती वर्गात पोचली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी घेतला गेला, दहा मार्क कापून. संध्याकाळी तिनं स्वतःच फोन केला. "जाऊ दे आजोबा. मशीनच तसलं आहे. तुमची काय चूक?" ती ओरडली असती, भांडली असती, तर तात्यारावांना बरं वाटलं असतं. चौतीस वर्षांत ज्या माणसानं कुणाचं काम अडवलं नाही, त्यानं निवृत्त होऊन अडवलं कुणाचं, तर स्वतःच्या नातीचं. त्यांना अन्न गोड लागेना.

रविवारी ते तीन डब्यांचं ओझं घेऊन, दोन बस बदलून बाणेरला गेले. जाऊन खरं काय ते सांगायचं आणि माफी मागायची, एवढं ठरवूनच निघाले होते. पण रोहननं दारातच त्यांचा हात धरला.

"बाबा, आधी हे बघा! लेझर घेतला!" जेवणाच्या टेबलावर काळाकरडा प्रिंटर बसला होता. रोहननं बटण दाबलं. कल्याणीनं दिलेल्या पाण्याचा घोट तात्यारावांच्या घशाखाली उतरेपर्यंत वीस पानं पडून मोकळी! "आता पूर्वाला तुमच्याकडे यायचा त्रास नाही. आणि तुमचीही दगदग वाचली. दर गुरुवारी सकाळपासून खपत होता, कळलं मला."

"छान आहे. फार छान," तात्याराव म्हणाले.

पूर्वा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ते तिच्याजवळ गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पाच कागदांचं, शांत मोडचं, दुकानदाराला काय विचारलं त्याचंसुद्धा.

पूर्वा ओला टॉवेल हातात घेऊन त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "काय हो आजोबा! नुसतं ये म्हणायचं ना!"

"म्हटलं असतं, तर आली असतीस?"

पोरीला खोटं बोलता येत नाही. हा गुण सुंदराबाईंचा, आणि नेमका त्या घडीला तात्यारावांना तो नको होता.

"दर आठवड्याला... नसते आले," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"असू दे गं. अभ्यास असतो तुमचा." तिच्या हातातला टॉवेल घेऊन त्यांनी तो दोरीवर घातला, नीट ताणून चिमटा लावला.

तेवढ्यात आतून रोहनचा आवाज आला. आज स्वारी भलतीच खुशीत होती. "बाबा, आणखी एक गंमत! हा मोबाइलवरून चालतो. तुम्हाला कधी काही छापायचं असेल, तर घरबसल्या पाठवून द्या. मी इथं काढून कुरिअर करीन. तुम्हालाही इतक्या लांब यायची गरज नाही!"

"वा!" तात्याराव म्हणाले. "सोय झाली."